दरडप्रवण यादीत गाव ‘मध्यम’: हा दर्जा कोण ठरवतं, कशावरून?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. आमचं गाव रायगड-रत्नागिरीच्या सीमेकडचं, खाडीकाठचं. खाली भातखाचरं आणि खाडीचं खारं पाणी अडवणारा खारबंधारा, मधे मुख्य वस्ती, वर डोंगरउतारावर दोन वाड्या. जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात गाव दरडीसाठी ‘मध्यम’ आणि पुरासाठी ‘कमी’ असं दाखवलं आहे. वरच्या वाडीच्या मागे संरक्षक भिंत बांधावी म्हणून प्रस्ताव दिला, तर ‘प्राधान्यक्रमात बसत नाही’ असं उत्तर आलं.

मला समजून घ्यायचं आहे ते असं. हे दर्जे कोणत्या हिशोबाने देतात? त्यावरून पैसा, पुनर्वसन, बांधकाम परवानगी असे निर्णय कसे होतात? आणि ग्रामपंचायतीला या प्रक्रियेत नेमकं कुठे म्हणणं मांडता येतं? नियोजनात किंवा सर्वेक्षणात काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावं. मोर्चा-निवेदनाचे सल्ले नकोत, प्रक्रिया हवी आहे.

डोंगरपायथा

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या: हा ‘मध्यम’ कुठल्या कागदावरून आला. सरकारदरबारी जोखमीची एकच यादी नसते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा दरडप्रवणता नकाशा वेगळा, जलसंपदा विभागाच्या पूररेषा वेगळ्या, किनाऱ्याचे सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) नकाशे वेगळे, आणि जिल्हा आराखड्यातला गुणतक्ता आणखी वेगळा. प्रत्येक कागद वेगळ्या निर्णयासाठी तयार झालेला असतो. एका कागदावरचा दर्जा उचलून दुसऱ्या निर्णयाला लावला की तुम्हाला आलं तसं उत्तर येतं.

हिशोबाचा गाभा सगळीकडे सारखाच आहे. घटना घडण्याची शक्यता किती, ती घडली तर तिच्या वाटेत कोण आणि काय येतं, आणि त्यांना ती झळ सोसवते का, या तिन्हींचा गुणाकार म्हणजे जोखीम. निर्जन सड्यावर कडा कोसळला तर धोका आहे पण जोखीम जवळपास नाही. तोच कडा वीस घरांच्या मागे असेल तर चित्र पालटतं. आणि त्या वीस घरांत बहुतेक म्हातारी माणसं असतील, कमावती मुंबईला, रस्ता पाखाडीचा म्हणजे दगडी पायऱ्यांचा, तर ते आणखी पालटतं. कोकणातल्या वाड्यांत तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा असतो आणि तक्त्यात तोच सर्वांत ढोबळ भरला जातो.

आराखड्यात हे सहसा पाच बाय पाचच्या तक्त्याने मांडतात. शक्यतेला १ ते ५ गुण, परिणामाला १ ते ५ गुण, गुणाकार १ ते २५ आणि त्याचे कमी-मध्यम-जास्त असे पट्टे. पट्टे कुठे तोडायचे ते प्रत्येक आराखड्यात वेगळं असू शकतं, म्हणून तो तक्ता मागवून बघाच.

आता यात काय बिघडतं ते लिहितो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे.

पहिलं, गुणाकार फसवतो. दरवर्षी रस्त्यावर गुडघाभर पाणी येतं: शक्यता ५, परिणाम १, गुण ५. पन्नास वर्षांतून एकदा वाडी गाडली जाऊ शकते: शक्यता १, परिणाम ५, गुण पुन्हा ५. दोन्ही एकाच पट्ट्यात बसतात, आणि निधी मिळतो तो दरवर्षी दिसणाऱ्या पाण्याला. जिथे जीव जाण्याची शक्यता आहे तिथे परिणामाचा गुण एकटा बघायला हवा, गुणाकार किती का असेना. चांगल्या आराखड्यात तशी स्वतंत्र अट घातलेली असते.

दुसरं, शक्यतेचा गुण मागच्या नोंदींवरून येतो, आणि नोंद कोण ठेवतं? रस्त्यावर दरड आली की बांधकाम विभागाकडे जेसीबीचं बिल राहतं. रेल्वेच्या कटिंगमध्ये दगड आला की कोकण रेल्वेकडे नोंद होते. घर पडलं की तलाठ्याचा पंचनामा होतो. पण वाडीच्या वर दोनशे मीटरवर जंगलात उतार घसरला, कुणाचं काही गेलं नाही, तर त्याची नोंद कुणाकडेच नसते. दोन पावसाळ्यांत ती जागा झाडोऱ्याने झाकली जाते आणि उपग्रहाच्या चित्रातही दिसत नाही. पुढे मोठी दरड कुठे येईल हे सांगणारी हीच सर्वांत मोलाची खूण असते. ती कागदावर नाही म्हणून तुमची शक्यता १ किंवा २ लागते.

तिसरं, नकाशाचं प्रमाण. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे देशव्यापी दरडप्रवणता नकाशे १:५०,००० प्रमाणावर आहेत. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. तुमची अख्खी वाडी त्यावर तीन-चार मिलिमीटर. उताराचा कोन, खडक, मातीची जाडी, जमिनीचा वापर, भेगारेषा असे थर एकमेकांवर ठेवून, प्रत्येकाला वजन देऊन हा नकाशा होतो. कुठल्या तालुक्यात आधी बारकाईने बघायचं हे ठरवायला तो उत्तम आहे. पण एखादं घर सुरक्षित आहे की नाही हे त्यावरून ठरवणं चूक आहे. शिवाय तो उतार कुठे सुटू शकतो ते सांगतो; सुटलेली माती किती खाली वाहत येईल ते सांगत नाही. पायथ्याची सपाट जागा नकाशात ‘कमी’ असू शकते आणि ढिगारा नेमका तिथेच येऊन थांबतो.

१९ जुलै २०२३ ला खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हा ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती असं सरकारने विधानसभेत सांगितलं. यादीत नाव नसणं म्हणजे धोका नसणं नव्हे, हे तेव्हापासून तरी प्रत्येक तहसील कार्यालयात गृहीत धरायला हवं होतं. ‘मध्यम’ शब्दावर जाऊ नका. तुमच्या वाडीची जागेवर पाहणी झाली आहे का, हा खरा प्रश्न आहे.

वाशिष्ठीतीर

पुराचं मी लिहितो. दरडीचं वर छान आलंच आहे.

पुरात जोखमीचा हिशोब थेट परवानगीला जोडलेला आहे. जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपात्र ते निळी रेषा निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल नियंत्रित. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत निळ्या-लाल रेषांमधल्या बांधकामाला जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर ठेवण्याची अट आहे. म्हणजे पुराच्या अंदाजातला एक आकडा सरळ तुमच्या जोत्याच्या उंचीपर्यंत पोचतो.

‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे एकदा आला की शंभर वर्षं सुट्टी, असं ग्रामसभेत हमखास कुणीतरी म्हणतं. दरवर्षी १ टक्का शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. तीस वर्षं टिकणाऱ्या घराच्या आयुष्यात तो पूर किमान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के होते. निळ्या रेषेवरच्या घराला २५ वर्षांचा पूर तीस वर्षांत गाठण्याची शक्यता ७१ टक्के. माझ्या मते हे दोन आकडे बांधकाम परवानगीच्या कागदावर छापायला हवेत.

कोकणात या रेषा फसतात त्या मुख्यतः भरतीमुळे. नदीचा विसर्ग पावसावरून काढतात, पण पाणी समुद्रात जाईल की अडेल ते उधाण ठरवतं. चिपळूणचा २२ जुलै २०२१ चा पूर घ्या. वाशिष्ठी आणि शिव दोन्ही नद्या भरलेल्या, गाळाने पात्र उथळ, कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी कोळकेवाडीमार्गे याच वाशिष्ठीत येतं, आणि पौर्णिमा दोन दिवसांवर. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या विभागाच्या फाइलीत असते. पाऊस हवामान विभागाकडे, धरण एकाकडे, गाळ दुसऱ्याकडे, भरतीचं वेळापत्रक बंदर खात्याकडे. एकेक फाइल वाचली तर कुठेच ‘अतिधोका’ नसतो. चारही एका वेळी घडण्याची शक्यता कुणाच्या तक्त्यात आहे, हे विचारायला हवं.

दुसरी गोष्ट, पाऊस कुठला मोजायचा? महाडला पूर यायला महाडातच पाऊस पडावा लागतो असं नाही. सावित्री महाबळेश्वराहून येते, आणि २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिमी पाऊस नोंदला गेला होता. हवामान विभागाच्या वर्गवारीत २०४.४ मिमीच्या वर गेला की ‘अत्यंत मुसळधार’; हा त्याच्या जवळपास तिप्पट. त्यामुळे तुमच्या नदीच्या उगमाकडचं पर्जन्यमापक कुठलं आणि त्याचा आकडा तुमच्या तालुक्याच्या नियंत्रण कक्षाला थेट मिळतो का, हे लेखी विचारा.

तुमच्या गावाला पुरासाठी ‘कमी’ दिलंय ते बहुधा नदीचा पूर धरून. खाडीचं उधाण आणि खारबंधारा फुटणं त्यात धरलंच नसेल. बंधारा फुटून खारं पाणी शेतात शिरलं की घरं पडत नाहीत, माणूस मरत नाही, म्हणून परिणामाचा गुण कमी लागतो. पण जमीन पुढची दोन-तीन वर्षं भाताला येत नाही. नारळ-सुपारीच्या बागेचंही तसंच. निसर्ग वादळात श्रीवर्धन, मुरूड, दापोली पट्ट्यातल्या बागा आडव्या झाल्या. अशी बाग पुन्हा उत्पन्नाला यायला सहा-आठ वर्षं लागतात. एका वर्षाच्या पिकाच्या हिशोबाने नुकसान मोजलं की परिणाम खराच्या निम्म्यानेही दिसत नाही.

कातळसडा

सीआरझेडचं थोडक्यात. २०१९ च्या अधिसूचनेत ज्या ग्रामीण भागाची लोकसंख्येची घनता २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा कमी आहे, तिथे समुद्राच्या भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र आहे. जास्त असेल तर ५० मीटर. खाडीकाठी नियंत्रण ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी असेल तितकं. आता गंमत नाही तर काळजीची गोष्ट बघा: किनाऱ्याची झीज आणि समुद्रपातळी धरून भारतीय सर्वेक्षण विभागाने जी धोकारेषा आखली, ती २०१९ पासून बांधकाम नियमनासाठी वापरत नाहीत, फक्त आपत्ती नियोजनासाठी वापरायची आहे. त्यामुळे एखादं घर परवानगीच्या दृष्टीने बिनचूक आणि धोकारेषेच्या आत, असं होऊ शकतं. परवानगी मिळाली म्हणजे जागा सुरक्षित ठरली असं समजू नका.

खाडीकाठ

खूप उपयोग झाला. आता भिंतीबद्दल. ‘प्राधान्यक्रमात बसत नाही’ यामागे काही आकडेमोड असते का, की फक्त निधी नाही असा अर्थ?

आकडेमोड

दोन्ही असतं. आकडेमोड कशी होते ते एका काल्पनिक उदाहरणाने दाखवतो, म्हणजे प्रस्ताव कुठे अडतो ते कळेल.

समजा वाडीत २५ घरं, घर-सामान-गुरं मिळून प्रत्येकी १६ लाख, एकूण ४ कोटी. दरड येण्याची शक्यता वर्षाला ५० त एक धरली. मग वर्षाचं सरासरी अपेक्षित नुकसान ४ कोटी भागिले ५०, म्हणजे ८ लाख. भिंतीचा खर्च ३ कोटी, आयुष्य ३० वर्षं. तीस वर्षांत वाचणारं नुकसान ८ लाख गुणिले ३०, म्हणजे २ कोटी ४० लाख. भिंत पूर्ण संरक्षण देते असं मानलं तरी लाभ खर्चापेक्षा कमी. पुढच्या वर्षांतल्या रुपयाची किंमत १० टक्क्यांनी उतरवत नेली तर हाच लाभ सुमारे ७५ लाखांवर येतो. प्रस्ताव नापास.

आता याच आकड्यांतून दुसरी गोष्ट काढा. वर्षाला ५० त एक म्हणजे तीस वर्षांत ती दरड किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के. त्या वाडीत शंभर माणसं झोपलेली असतात. मालमत्तेच्या तराजूत नापास झालेला प्रस्ताव जिवाच्या निकषावर पहिला यायला हवा. म्हणून प्रस्तावात माणसांची संख्या, वयं, अंथरुणाला खिळलेली माणसं आणि रात्री बाहेर पडायची वाट हे सगळं वेगळ्या परिशिष्टात द्या. घरांच्या किमतीत ते मिसळून टाकलं की हरवतं.

आणि खरं सांगायचं तर भिंत हा बहुतेक वेळा चुकीचा उपाय असतो. पायथ्याची तीन-चार मीटरची भिंत घरामागच्या कापलेल्या दरडीला, छोट्या घसरणीला धरते, तीही मागे दगडगोट्यांचा थर आणि पाणी निघायला भोकं ठेवली तरच. भोकं बुजली की मागचं पाणीच भिंत ढकलतं. शंभर मीटर वरून चिखल-दगड वाहत आले तर ती भिंत काहीच करत नाही. तज्ज्ञ तपासणारा हे बघतो आणि प्रस्ताव बाजूला ठेवतो, पण उत्तरात ‘प्राधान्यक्रम’ एवढंच लिहिलेलं येतं.

त्यापेक्षा तीन पर्याय एकाच प्रस्तावात तुलनेसाठी द्या. एक, वाडीच्या वर उताराचं पाणी अडवून बाजूच्या वहाळात नेणारं पक्कं गटार. याच उदाहरणात गटाराला १५ लाख लागले आणि दरडीची शक्यता निम्मी झाली, तर वर्षाला ४ लाख वाचतात. चार वर्षांत खर्च निघतो. दोन, पुनर्वसन, म्हणजे गावातच खालची सुरक्षित जागा, गट क्रमांकासह. तीन, पावसाळ्यापुरतं स्थलांतर आणि इशारा यंत्रणा. निर्णय घेणाऱ्याला ‘भिंत द्या किंवा नाकारा’ एवढीच निवड दिली तर नाकारणं सोपं जातं.

डोंगरपायथा

‘आकडेमोड’ यांच्या गटाराला माझी एक जोड. ते गटार अस्तराचंच हवं, सिमेंट किंवा दगडी पिचिंगचं. नुसता चर खणून ठेवला तर पाणी मुरेल आणि दरडीला मदतच होईल.

यातच विभागाविभागांतला विसंवाद दिसतो. मृद व जलसंधारणाच्या कामात डोंगरावर सलग समतल चर काढतात आणि किती पाणी मुरलं यावर कामाचं यश मोजतात. कोरडवाहू माळावर ते योग्यच आहे. पण जांभ्याखाली मऊ चिकणमाती किंवा बेसाल्टवर जाड मुरमाड माती असलेल्या, खाली वस्ती असलेल्या तीव्र उतारावर पाणी मुरवायचं नसतं, लवकरात लवकर बाहेर काढायचं असतं. मुसळधार पावसात मातीच्या कणांमधला पाण्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते, आणि उतार सरकतो. एका विभागाचं उद्दिष्ट पूर्ण होताना दुसऱ्या विभागाची जोखीम वाढते, आणि दोघांच्या तक्त्यात त्याला रकाना नाही. तुमच्या वाडीच्या वर असं काम मंजूर झालं असेल तर आधी ते तपासा. तसंच पायथ्याला रस्त्यासाठी किंवा घराच्या जोत्यासाठी डोंगर उभा कापला असेल तर तेही लिहा. पायाच कापला की वरचा भार तोलायला काही उरत नाही.

पाहणीबद्दलही सांगतो. सावित्रीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला. दगडी कमानींच्या पुलाचा पाया पाण्याखाली किती खरवडला गेला ते वरून चालत बघणाऱ्याला दिसत नाही. ‘पाहणी झाली, धोका आढळला नाही’ असा शेरा आला तर पाहणी कशाने केली, कुठपर्यंत केली आणि कोणत्या महिन्यात केली, हे तीन प्रश्न विचारा. उन्हाळ्यात केलेली उताराची पाहणी झऱ्यांबद्दल काहीच सांगत नाही.

गावदप्तर

प्रक्रियेच्या प्रश्नावर मी लिहितो, कारण ग्रामपंचायतीला वाटतं त्यापेक्षा जास्त अधिकार आहे.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम ३१. जिल्हा आराखडा जिल्हा प्राधिकरणाने स्थानिक प्राधिकरणांशी सल्लामसलत करून करायचा आहे, त्यात जिल्ह्यातली आपत्तीप्रवण क्षेत्रं दाखवायची आहेत आणि दरवर्षी तो सुधारायचा आहे. कायद्यातल्या व्याख्येत पंचायत राज संस्था स्थानिक प्राधिकरणात येतात. म्हणजे तुमचं म्हणणं मागवणं हा प्रक्रियेचाच भाग आहे. जिल्हाधिकारी प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, त्यामुळे पत्र त्यांच्या नावे आणि प्रत तहसीलदार व प्रांतांना.

वेळ महत्त्वाची. मान्सूनपूर्व आढावा एप्रिल-मेमध्ये होतो. १ मेच्या ग्रामसभेत ठराव केला तर त्या वर्षीच्या सुधारणेला उशीर होतो, म्हणून २६ जानेवारीच्या ग्रामसभेत करा आणि फेब्रुवारीत पोचता करा. पुढच्या वर्षाच्या गावविकास आराखड्यात काही घालायचं असेल तर २ ऑक्टोबरची ग्रामसभा.

आधी गुणतक्ता मिळवा. माहिती अधिकारात जोडपत्र ‘अ’, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. मागायचं एवढंच: आमच्या गावाचे शक्यता आणि परिणामाचे गुण, ते देताना वापरलेल्या नोंदींची वर्षं, नकाशाचं प्रमाण, आणि गावात प्रत्यक्ष पाहणी झाली असल्यास तिचा दिनांक व अहवाल. ३० दिवसांत उत्तर. ‘का दिलं’ असं विचारू नका, अस्तित्वात असलेला कागद मागा. ‘का’ला उत्तर देणं बंधनकारक नसतं.

ठरावात ‘गाव धोकादायक आहे, कार्यवाही व्हावी’ असं लिहिलं की तो फाइलीला लागतो आणि संपतो. त्यात तक्ता बदलेल असा मजकूर हवा. जुन्या घसरणीची प्रत्येक जागा, साधारण वर्ष, मोबाइलवर घेतलेले अक्षांश-रेखांश, लांबी-रुंदी पावलांनी का होईना, आणि ते सांगणाऱ्या दोन जाणत्यांच्या सह्या. पुराची खूण असेल तर ती भिंतीवर किती उंचीला होती ते जोत्यापासून सेंटिमीटरमध्ये. घरांची यादी रात्री मुक्कामाला असणाऱ्या माणसांसह. शिधापत्रिकेवरची संख्या नको, कारण निम्मी नावं मुंबईला असतात आणि गणपतीत तीच दुप्पट होतात. शेवटी एकच स्पष्ट मागणी: भूवैज्ञानिक सर्वेक्षण किंवा भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून पावसाळ्यात स्थळपाहणी. भिंत, गटार, पुनर्वसन हे सगळं त्या अहवालानंतर येतं. अहवाल हातात नसताना मागितलं तर वरच्या कार्यालयालाही मंजुरीला आधार मिळत नाही.

निधीचं म्हणाल तर १५व्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी राज्याच्या आपत्ती निधीचे दोन भाग केले. ८० टक्के प्रतिसादासाठी, २० टक्के सौम्यीकरणासाठी. घटना घडण्याआधीचं काम दुसऱ्या भागातून होतं, आणि तिथे जोखमीचं लेखी मूल्यांकन जोडलेला प्रस्तावच टिकतो. ‘दुरुस्ती’ या नावाने पाठवलेला प्रस्ताव चुकीच्या खिडकीवर जातो.

लोटेकर

हे दरडीबद्दल नाही, पण औद्योगिक वसाहतीजवळच्या गावांसाठी लिहून ठेवतो. लोटे-परशुराम, महाड, रोहा इथे रासायनिक अपघाताचा हिशोब वेगळ्या नियमांखाली होतो. १९८९ च्या घातक रसायन नियमांप्रमाणे मोठ्या धोक्याच्या कारखान्याने आवारातला आणीबाणी आराखडा ठेवायचा आणि आवाराबाहेरचा आराखडा प्रशासनाने करायचा. १९९६ च्या नियमांप्रमाणे जिल्हा आपत्ती गटाची बैठक दर ४५ दिवसांनी आणि स्थानिक गटाची दर महिन्याला व्हायला हवी. बैठकांची इतिवृत्तं माहिती अधिकारात मिळतात. वायुगळती झाली तर किती अंतरापर्यंत गाव रिकामं करायचं ते आवाराबाहेरच्या आराखड्यात लिहिलेलं असतं. वाऱ्याची दिशा पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून आणि हिवाळ्यात वेगळी, म्हणून एकच निर्वासन मार्ग दाखवलेला आराखडा अपुरा समजा.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. ठरावाचा मसुदा ‘गावदप्तर’ यांच्या पद्धतीने करतो. शेवटचे दोन प्रश्न. अहवाल येईपर्यंत पावसाळा काढायचा आहे, तर वाडी खाली कधी आणायची याला काही आकडा आहे का? आणि बंधाऱ्याच्या उघाडीबद्दल, म्हणजे पाणी सोडायच्या झडपेच्या दाराबद्दल, कुणाशी बोलायचं?

डोंगरपायथा

सगळ्या उतारांना लागू पडेल असा एक सरकारी आकडा नाही, म्हणून गावाने आपला ठरवावा आणि तो आधी लिहून ठेवावा. संकटात चर्चा करत बसलं की निर्णय लांबतो. कोकण रेल्वेचं बघा: पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं, ठरावीक स्थानकांवर पर्जन्यमापक, पानवळच्या उंच पुलावर वारामापक, आणि जोरदार पावसात दिसेनासं झालं की वेग ताशी ४० किमीवर. आकडा आला की कृती ठरलेली, कुणाची परवानगी मागायची नाही. गावालाही असंच हवं.

माझी सूचना अशी. हवामान विभागाचा लाल इशारा असेल, किंवा तुमच्या वाडीच्या मापकात चोवीस तासांत २०० मिमी झाला, किंवा आधीचे तीन दिवस संततधार असून आज १०० च्या वर गेला, तर अंधार पडायच्या आत वरच्या वाड्या शाळेत. इर्शाळवाडीची दरड रात्री आली होती. दिवस मावळल्यावर पाखाडीवरून म्हाताऱ्या माणसांना उतरवता येत नाही. महसूल मंडळाचं स्वयंचलित केंद्र खाली सपाटीवर असतं आणि डोंगरावर पाऊस त्याहून जास्त पडतो, म्हणून मापक वाडीतच ठेवा. सरळ उभ्या भिंतीचा डबा चालतो; वर रुंद, खाली अरुंद बादली चालत नाही. झाड किंवा घर जितकं उंच त्याच्या दुप्पट अंतरावर ठेवून रोज सकाळी साडेआठला मोजा, म्हणजे आकडा हवामान खात्याच्या वेळेशी जुळतो.

भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना १२ मिमी जाडीच्या सळईचे दोन फूट तुकडे ठोका आणि त्यांच्यामधलं अंतर स्टीलच्या टेपने मोजून वहीत लिहा. कोरड्यात आठवड्याला, संततधारेत रोज. भेग चिकणमातीने बुजवून वर ताडपत्री टाका. अंतर एका दिवसात वाढलं, नवा झरा फुटला, जुन्या झऱ्याचं पाणी गढूळ झालं, किंवा दारं-खिडक्या एकाएकी अडकायला लागल्या, तर पावसाच्या आकड्याची वाट न बघता खाली या आणि जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवा. ती वही जपून ठेवा. पुढच्या वर्षी शक्यतेचा गुण बदलायला तिच्यापेक्षा चांगला पुरावा नाही.

वाशिष्ठीतीर

उघाडीचं खारभूमी विकास विभागाकडे. बंधारा सरकारी योजनेतला आहे की खासगी, ते आधी तलाठ्याकडून काढा. खासगी असेल तर दुरुस्तीचा मार्ग बदलतो. उघाडीची झडप अडकली की दोन्हीकडून नुकसान: उघडी राहिली तर भरतीचं पाणी आत, बंद राहिली तर डोंगराचं पाणी शेतात तुंबून वस्तीकडे चढतं. तुमच्या पुराच्या ‘कमी’ दर्जात हे दुसरं धरलेलं नसणार, तेव्हा ठरावात झडपेची स्थिती फोटोसह द्या. संयुक्त पाहणी मात्र अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला मागा. झडपेचा उंबरठा आणि त्याच्याखाली पाण्याने पोखरलेली जागा तेवढ्या वेळातच उघडी पडते, एरवी अधिकारी येऊन वरचं दगडकाम बघून जातात.